पदराला लावायचा खणाचा बिल्ला : एकल महिला संघटनेसाठी

प्रश्न थोडक्यात असा : जिल्ह्यातल्या एकल महिलांची संघटना आहे. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, अविवाहित मिळून ४०० सभासद. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला मेळावा आहे आणि त्या दिवशी सगळ्यांच्या अंगावर एकच खूण असावी असं ठरलंय. नगामागे ५० रुपयांपर्यंत खर्च चालेल. काही जणी बांगडी सुचवतात, काही लॉकेट, काही मुठीचं चित्र छापलेला पत्र्याचा बिल्ला. काय करावं आणि कसं?

तिन्ही नकोत. का नकोत ते आधी सांगतो, कारण त्यातूनच काय हवं ते निघतं.

बांगडीचा पहिला प्रश्न मापाचा. बांगडीचं माप इंच आणि सोळांशात असतं. २.४ म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच. मोठ्या बायकांना २.२ पासून २.८ पर्यंत चार मापं लागतात. ४०० जणींची मापं आधी गोळा केली नाहीत तर मेळाव्याच्या दिवशी २.४ संपतात आणि २.२ चे डबे पडून राहतात. दुसरी गोष्ट, निंदणी, भाकरी, धुणीभांडी यांत बांगडी आड येते आणि दुपारपर्यंत पिशवीत जाते. तिसरी सगळ्यांना माहीत आहे, पण बैठकीत कुणी बोलत नाही : यातल्या कित्येकींच्या बांगड्या नवऱ्याच्या प्रेतासमोर फोडलेल्या आहेत. 'तीच बांगडी आम्ही पुन्हा घालू' ही भूमिका म्हणून उत्तम आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य सरकारचं परिपत्रकही निघालं. पण ज्या घटस्फोटितेने स्वतःहून सौभाग्यलेणं उतरवलं, तिला बांगडी हे मागे जाणं वाटेल. एकाच वस्तूचे दोन उलटे अर्थ निघत असतील तर ती वस्तू सगळ्यांची खूण होत नाही.

लॉकेटचंही तेच. गळ्यातली साखळी आणि त्यात एखादा काळा मणी आला की बघणारा मंगळसूत्रच वाचतो. पत्र्याचा ५८ मिमीचा गोल बिल्ला स्वस्त आणि झटपट होतो, पण तो शर्टाच्या जाड कापडासाठी आहे. पातळ पदरावर तो पुढे कलतो आणि आभाळाकडे तोंड करून बसतो. शिवाय बघणाऱ्याला तो निवडणुकीतल्या प्रचाराचा वाटतो. मूठ आणि वर्तुळाखाली क्रॉस असलेलं स्त्रीचं चिन्ह शहरातल्या कार्यकर्त्यांना कळतं, पण ते वस्तीतल्या सभासदाला दरवेळी समजावून सांगावं लागतं.

म्हणून आधी चिन्ह शोधू नका, आधी बाई काय नेसते ते बघा. साडीला खिसा नाही, कॉलर नाही. एकच जागा पक्की आहे : डाव्या खांद्यावर जिथे पदराला पिन लागते ती. पंजाबी ड्रेस घालणारीची ओढणीही तिथेच पिनअप होते. तेव्हा वस्तू पदराच्या पिनेचीच हवी. हलकी, मऊ, घामात आणि धुण्यात टिकणारी.

आता अर्थ. १९०९ मध्ये लंडनच्या हॉलोवे तुरुंगात जाऊन आलेल्या मताधिकारवादी स्त्रियांसाठी सिल्व्हिया पँकहर्स्ट यांनी एक ब्रोच केला. त्यात संसदेची खूण असलेली जाळीदार फाटकाची आकृती होती आणि तिच्यावर बाण. हा बाण म्हणजे कैद्यांच्या कपड्यांवर मारायचा सरकारी छाप. अर्जेंटिनात लष्करी राजवटीने बेपत्ता केलेल्या आपल्या मुलांचा शोध घेणाऱ्या प्लासा दे मायोच्या आयांनी १९७७ मध्ये डोक्याला बांधला तो पांढरा रुमाल मुळात बाळाचं लंगोट होता. दोन्हीकडे युक्ती एकच : जी वस्तू कमीपणाची किंवा नुकसानीची, तीच वर आणून लावायची. आपल्याकडे अशी वस्तू आहे ओटीचा खण. खणा-नारळाने ओटी भरतात ती सवाष्णीची, विधवेला त्यातून वगळतात. आणि ओटीत घालताना खणाची घडी करतात ती त्रिकोणी. तो त्रिकोण छोटा करून पदराला लावायचा, आणि तो तिने स्वतः लावायचा. समजावून सांगायला अर्धं वाक्य पुरतं, सोलापूरपासून कोकणापर्यंत.

एक अट मात्र तपासा. संघटनेत मुस्लिम, ख्रिश्चन किंवा बौद्ध सभासद बऱ्याच असतील तर ओटी हा त्यांचा विधी नाही. बौद्ध घरात तो कदाचित मुद्दाम सोडलेला असेल. अशा वेळी हीच घडी गोधडीच्या पद्धतीने करावी : प्रत्येकीने आपल्या जुन्या सुती साडीचा वीतभर तुकडा द्यायचा. मापं आणि शिवण खाली दिलंय तेच. फक्त जॉर्जेट, शिफॉन घेऊ नका. इस्त्रीखाली आक्रसतात आणि घडी धरत नाहीत.

रंगाबद्दल घाई होते, आणि चूक इथेच महागात पडते. घडी टोक खाली ठेवून लावावी लागते (कारण पुढे येईल), म्हणजे उलटा त्रिकोण. आणि लाल उलटा त्रिकोण म्हणजे कुटुंब नियोजन. दवाखान्याच्या भिंतींवर तो दोन पिढ्यांनी पाहिलाय. बाजारात लाल खण सगळ्यात सहज मिळतो, म्हणून हे आधीच सांगतो. हिरवा चुड्याचा आणि सौभाग्याचा, शिवाय भगवा, हिरवा, निळा या तिन्हींचा राजकीय किंवा धार्मिक अर्थ लगेच लागतो. गुलाबी त्रिकोणाला समलिंगी चळवळीचा वेगळा इतिहास आहे. पांढरा तर विधवेवर लादलेलाच रंग. उरतो गर्द जांभळा, म्हणजे वांगी रंग. ८ मार्चला जगभर तोच वापरतात, १९०८ पासून ब्रिटिश मताधिकारवाद्यांच्या जांभळा-पांढरा-हिरवा या त्रयीतही तो आहे, आणि खणात तो छान मिळतो. त्याला लांब बाजूने गोट मोहरी-पिवळ्या सुती कापडाचा. छापील साडीवर जांभळा हरवतो, पिवळी रेघ त्याला उचलून धरते. हळदीची आठवण नको वाटली तर फिका राखाडी घ्या. सहा वेगवेगळ्या साड्यांवर नमुना लावून तीन मीटरवरून बघा आणि मग ठरवा. चित्र छापायचंच असेल तर कमळ, पंजा, घड्याळ, मशाल, तुतारी, धनुष्यबाण, इंजिन यांच्या जवळपासचंही काही नको.

आता बनवणं.

खण मूळचा बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. आता खण म्हणून जे विकतात त्यात पॉलिस्टर भरपूर असतं. ओळखायला चार धागे काढून जाळा. वितळून टोकाला कडक गोळी झाली तर पॉलिस्टर, कागदासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सूत, जळक्या केसांचा वास म्हणजे रेशीम. सुताचं प्रमाण जास्त असलेला घ्या, बोटाने दाबलेली घडी तो धरतो. पूर्ण माल एकाच ताग्यातला घ्या. पुढच्या आठवड्यात आणलेल्या 'त्याच' रंगाच्या खणात फरक दिसतो, आणि ४०० जणी शेजारी शेजारी बसल्या की तो लपत नाही.

हिशेब : ४०० अधिक दहा टक्के म्हणजे ४४० नग. प्रत्येकी ८ सेंमीचा चौकोन. काठ सोडून उपयोगी पन्हा ७५ सेंमी धरला तर आडवे ९ चौकोन बसतात, ४४० साठी ४९ ओळी, म्हणजे ३.९२ मीटर. आटणं आणि वाया जाणं धरून साडेचार मीटर घ्या. एवढंच. पन्हा दुकानात स्वतः मोजा, तो कमी निघाला तर हिशेब बदलतो.

कापायच्या आधी कापड गार पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. खळ जाते, आटायचं ते आटतं. ओलं असताना पांढऱ्या सुती फडक्याने जोरात वीस वेळा घासा. फडकं जांभळं झालं तर तो तागा परत करा. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं सांगतात, पण तयार रंगवलेल्या कापडाला त्याने फरक पडत नाही. घामाने तो रंग पांढऱ्या पदरावर उतरला की बाई बिल्ला पुन्हा लावणार नाही.

वाळल्यावर उलट्या बाजूला पातळ, न विणलेलं फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर लावा (चौरस मीटरला २५ ते ३० ग्रॅमचं), पूर्ण साडेचार मीटरला, कापायच्या आधी. इस्त्री सरकवायची नाही, एका जागी १० ते १२ सेकंद दाबून धरायची, उचलायची, पुढे ठेवायची. सरकवली की कापड तिरकं होतं. फ्यूजिंग टाळायचा मोह होईल, टाळू नका. कापल्यावर खणाचे धागे सुटतात, हे एक कारण. दुसरं जास्त महत्त्वाचं : चौकोन कर्णावर दुमडला की घडीची धार उरेबात, म्हणजे धाग्यांना तिरकी येते, आणि उरेब कापड ताणलं की लांबतं. फ्यूजिंग नसलेला त्रिकोण आठवड्यात गालफडासारखा लोंबतो.

चौकोन पुठ्ठ्याच्या साच्याने कापू नका. पन्नासाव्या नगाला पुठ्ठ्याचे कोपरे झिजलेले असतात. पत्र्याचा किंवा अॅक्रिलिकचा ८ सेंमीचा तुकडा करून घ्या. चौकोन तीन मिमी जरी तिरका असला तरी घडी केल्यावर टोकं जुळत नाहीत.

घडी : सुलट बाजू बाहेर ठेवून चौकोन कर्णावर दुमडा. झालेला त्रिकोण मधोमध पुन्हा दुमडा. आता हातात ८ सेंमी लांब बाजू आणि ४ सेंमी उंचीचा काटकोनी त्रिकोण आहे. नीट बघा : चारही कच्च्या कडा एकाच बाजूला, त्या ८ सेंमीच्या लांब बाजूला आल्या आहेत. बाकीच्या दोन्ही बाजू घडीच्या, म्हणजे तिथे काही मुडपायचं नाही. आणि लांब बाजू धाग्याच्या सरळ रेषेत असल्याने ती ताणली जात नाही, बुट्टेही सरळ दिसतात. या घडीचं शहाणपण ओटी भरणाऱ्या बायकांचं आहे.

कडकपणासाठी आत कॅनव्हास. कॉलरला लावतात तो, धुता येणारा. कागदी बक्रम पहिल्याच धुण्यात लगदा होतं. ७ सेंमीचा चौकोन दोन्ही कर्णांवर कापला की चार त्रिकोण मिळतात, लांब बाजू ७ आणि उंची साडेतीन, म्हणजे आत बरोबर बसणारे. ९० सेंमी पन्ह्यात आडवे १२ चौकोन आणि उभ्या १० ओळी म्हणजे ४८० त्रिकोण, पाऊण मीटरमध्ये सगळं काम. हा त्रिकोण मागच्या दोन थरांच्या मध्ये सरकवायचा, पुढच्या नाही. कारण पिन मागच्या थराला आणि कॅनव्हासला शिवायची आहे, सुई पुढच्या थरापर्यंत जायला नको.

पिन गोट लावायच्या आधी शिवा, बोट आत घालायला तेव्हाच जागा असते. ३० ते ३२ मिमीची पट्टी-पिन घ्या, तिला छिद्रं असतात. प्रत्येक छिद्रात चार टाके, दुहेरी दोऱ्याने. ग्लू गनने चिकटवलेली पिन एसटीच्या खिडकीतल्या उन्हात सुटते. पिनेची जागा हा सगळ्या कामातला कळीचा मुद्दा. त्रिकोणाचं वजन लांब बाजूपासून एक तृतीयांश उंचीवर, म्हणजे १.३ सेंमीवर तोललेलं असतं. पिन त्याच्या वर हवी, लांब बाजूपासून १ सेंमीवर. खाली गेली की बिल्ला पुढे कलतो. म्हणूनच टोक खाली. टोक वर ठेवलं तर वजन खाली रुंद बाजूला आणि पिनेला जागा वर अरुंद, तोल साधत नाही.

पिनांचा नमुना घेताना एक मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून एक दिवस ठेवा. तपकिरी डाग पडला तर तो माल नको. गंजाचा डाग साडीवरून सहज जात नाही, आणि मग नाव संघटनेचं जातं.

गोट : ३ सेंमी रुंद, साडेनऊ सेंमी लांब पट्टी (८ आणि दोन्ही टोकांना पाऊण पाऊण मुडपायला). ९० सेंमी पन्ह्याच्या पॉपलिनच्या एका पट्टीत ९ तुकडे, दीड मीटरमध्ये ५० पट्ट्या, म्हणजे ४५० तुकडे. पावणेदोन मीटर घ्या. खणाच्याच काठाचा गोट करावा असं सुचतंच, पण साडेचार मीटरच्या दोन काठांत जेमतेम ९ मीटर मिळतं, आणि लागतं जवळजवळ ४२ मीटर. पुढून ०.७ सेंमीवर मशीन, मग पट्टी मागे वळवून हाताने हेम. आतले दोन थर टोकाशी अर्धा सेंमी कमी कापून घ्या, नाहीतर कोपऱ्यात गाठ होते आणि सुई मोडते. १६ नंबरची सुई, टाका अडीच मिमी.

शेवटी ज्या बाजूला घडीच्या दोन धारा एकमेकींवर नुसत्या टेकलेल्या आहेत (५.७ सेंमीच्या दोन बाजूंपैकी ती), तिथे लपता टाका. मधला अडीच सेंमी भाग उघडा ठेवता येतो. त्यात मेणकागदावर छापलेली चिठ्ठी राहते : १८१ महिला हेल्पलाइन, ११२ तातडीची मदत, आणि संघटनेचा नंबर. मात्र हे प्रत्येकीला विचारून. ज्या घरात मारहाण चालू आहे तिथे अशी चिठ्ठी सापडणं धोक्याचं असतं. त्याच कारणाने संघटनेचं नाव पुढे छापू नका. पॉपलिनच्या मागच्या कडेला कापडाच्या शाईचा छोटा रबरी शिक्का पुरे. जिला उघड लावता येत नाही ती पदराच्या आतून लावेल, पुढून कुणाला काही दिसणार नाही. टोकाला मणी, घुंगरू, गोंडा नको. कडेवरचं मूल पहिल्यांदा तेच ओढून तोंडात घालतं.

वेळ. सराव झाल्यावर नगामागे साधारण १२ मिनिटं धरा, पण पहिले दहा घड्याळ लावून करा आणि स्वतःचा आकडा काढा. ४४० नगांचे ८८ तास. सहा जणी रोज पाच तास बसल्या तर तीन दिवस. एक कापणारी, एक इस्त्रीवाली, दोघी मशीनवर, दोघी हातशिवणीला. मजुरी द्या, 'आपल्याच संस्थेचं काम' म्हणून फुकट करून घेऊ नका. तासाला ६० रुपये धरले तर नगामागे १२ रुपये. खण मीटरला २०० धरला तरी नगाला दोन रुपये होतात, पिन पाच-सहा, फ्यूजिंग, कॅनव्हास, पॉपलिन, दोरा मिळून तीन-चार. पंचवीस रुपयांच्या आत बसतं. भाव तुमच्या बाजारातले घाला. वाचलेल्या पैशांत छापील डबी वगैरे करू नका, मजुरी वाढवा.

मेळाव्याच्या सहा आठवडे आधी १२ नमुने करून वेगवेगळ्या कामांच्या बायकांना आठवडाभर वापरायला द्या : शेतमजूर, घरकामगार, अंगणवाडी सेविका, भाजीवाली. रोज लावायचा, एकदा साडीसकट धुवायचा. आठव्या दिवशी 'आवडला का' विचारू नका, सगळ्या हो म्हणतात. किती दिवस लावला, कधी काढला आणि कुणी काही विचारलं का, हे विचारा. विणीत भोक पडलं का ते साडीवर स्वतः बघा. रेशमी साडीवर पडत असेल तर पिन पदराच्या घड्यांच्या जाड भागातून घालायला दाखवा.

मेळाव्यात पाहुण्यांच्या हस्ते एकेकीला लावायचा घाट घालू नका. वीस सेकंद जरी लागले तरी ४०० जणींना सव्वादोन तास जातात. आणि ज्या बाईला आजवर दुसऱ्याने ठरवलं काय ल्यायचं ते, तिला इथेही दुसरंच कुणी लावून देणार, हे बरं दिसत नाही. दाराशी टोपली ठेवा, प्रत्येकीने उचलून स्वतः लावावा. हवं तर शेजारणीने मदत करावी. हळदी-कुंकवासारखी तबकं फिरवू नका.

काही जणी म्हणतील, ओटीचा खण असा वापरणं बरं नाही. काही म्हणतील, पुन्हा दागिनाच का. दोन्ही गोष्टी ताग्याला कात्री लागायच्या आधी बैठकीत येऊ द्या. नमुना टेबलावर असला की बोलणं सोपं जातं.

उरलेले ४० बिल्ले नव्या सभासदांसाठी आणि हरवलेल्यांसाठी. त्याच ताग्याचा अर्धा मीटर जादा घेऊन काळ्या कागदात गुंडाळून ठेवा. दोन वर्षांनी बिल्ले लागतील तेव्हा तो जांभळा बाजारात मिळणार नाही.